गाडी वसूल होईपर्यंत

मी बेबी सीट बोलतेय. गाडीच्या मागच्या सीटवर पट्ट्याने आवळून बसवतात, ती लहान मुलांची खुर्ची. खरं तर बोलावं की नाही, याच विचारात इतके दिवस गेले. गाड्यांबद्दल बोलायचं तर गाडीने बोलावं, बॅटरीने बोलावं, गेला बाजार पेट्रोल पंपाने बोलावं. मी कोण? मागे बसणारी. पण मी दोन्ही गाड्यांमधून फिरले आहे. एक पेट्रोलची, एक विजेची. दोघींपैकी स्वस्त कोण पडली, हा प्रश्न आमच्या घरात इतक्या वेळा चघळला गेलाय की उत्तर माझ्या फोमात मुरलंय. चुकत असेन तर सोडून द्या.

माझा जन्मच मुळी काळजीतून झाला. साच्यात प्लॅस्टिक ओतलं, त्यावर फोम चढवला, फोमवर करडं कापड ताणलं आणि खांद्यांवरून, कमरेवरून, मांड्यांमधून पट्टे ओवले. मला बाजारात पाठवण्याआधी माझ्यासारख्याच एका बहिणीला बाहुली बांधून भिंतीवर आपटून बघितलं. ती मोडली, बाहुली वाचली, म्हणून मी पास झाले. इतर वस्तू उपयोगासाठी जन्मतात. मी अशा एका प्रसंगासाठी जन्मले, जो कधी येऊच नये म्हणून मला विकत घेणारे मनातल्या मनात हात जोडत असतात. खुर्ची कसली, पट्टे लावलेली चिंताच म्हणा.

त्यामुळे आईचं आणि माझं पहिल्या भेटीतच जमलं. तिला सातवा महिना लागला होता. दुकानात ती माझं बक्कल लावायची, काढायची, पुन्हा लावायची.

"अगं, लागतंय आणि उघडतंय. बास ना आता," बाबा म्हणाला.

"अपघातात उघडेल का ते बघतेय."

"पण अपघातात उघडायला हवं की नको?"

आई क्षणभर गोंधळली. मग म्हणाली, "दोन्ही."

बाबा शाळेत गणित शिकवतो. माझ्या शेजारी तशीच दिसणारी, स्वस्तातली एक होती. त्याने दोघींच्या किमतीच्या चिठ्ठ्या उलटसुलट करून पाहिल्या, पण आईचा चेहरा बघून मलाच उचललं. तो वाईट माणूस नाही, हे मी आधीच सांगून ठेवते. पुढे तुम्हाला शंका येईल.

तेव्हा घरात पेट्रोलची गाडी होती, दुसऱ्या हाताची. तिची डावीकडची काच निम्म्यात अडकायची आणि सुरू झाली की ती आजारी म्हशीसारखी थरथरायची. गुंडीला दवाखान्यातून घरी आणलं ते माझ्यात बसवून. एवढीशी पोर, शर्टाच्या गुंडीएवढं तोंड, म्हणून आत्याने ते नाव ठेवलं आणि तेच चिकटलं. तान्ह्या मुलांना उलटं बसवतात, पाठ पुढे, तोंड मागे. त्यामुळे आयुष्याचं पहिलं वर्ष मी गाडीची मागची काच बघण्यात घालवलं. कुठे चाललोय ते कळायचं नाही, कुठून आलो ते मात्र लांबपर्यंत दिसायचं. दिवसभर कवळ्या बनवणारी आई माझ्या शेजारी बसायची. दातांच्या प्रयोगशाळेत ती मेणात एकेक दात रोवायची आणि घरी येताना तिच्या बोटांना त्या मेणाचा वास असायचा. गुंडी श्वास घेतेय ना, हे बघायला ती तेच बोट तिच्या नाकाखाली धरायची. लाल सिग्नलला एकदा, हिरव्याला एकदा.

गुंडीला नीट ऐकू येत नाही, हे कळलं तेव्हा ती बसायला लागली होती. डॉक्टरांकडून परत येताना आई म्हणाली, "मी तिला रोज गाणी म्हणत होते रे." बाबाने फक्त गिअर बदलला.

मग गुंडीच्या दोन्ही कानांना मशीन लागली, आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला, मोठ्या इस्पितळाच्या मागे, बोलायला शिकवणाऱ्या बाई सापडल्या. मंगळवार आणि शुक्रवार, दुपारची वेळ. बाबा तेव्हा शाळेत, म्हणून गाडी आई न्यायची. बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "पहिली चार वर्षं महत्त्वाची. नंतर मूल शिकत नाही असं नाही. पण आत्ता उतार आहे, नंतर चढ लागतो." हे वाक्य आईने घरी येईपर्यंत इतक्यांदा म्हटलं की मलाही पाठ झालं.

आणि एक गंमत होती. गाडी सुरू झाली की गुंडी तळहात माझ्या कडेवर ठेवायची. इंजिनाची थरथर माझ्या प्लॅस्टिकमधून तिच्या हातात जायची, आणि तिच्या तोंडून आवाज निघायचा. अंऽऽऽ. गाडी पळाली की चढा, सिग्नलला हळू. आईने ते बाईंना सांगितलं. बाई हसल्या. म्हणाल्या, "ती हाताने ऐकतेय. हा सूर आहे ना, याच्यावरच शब्द चढवायचे आपण." त्या दिवसापासून मला जरा भाव आला. आजवर मी नुसती न होणाऱ्या अपघाताची वाट बघत होते. आता मला काम होतं.

पण रस्ता लांब होता, आणि पेट्रोल काही बाईंच्या सल्ल्याने जळत नव्हतं. पंपावर काटा फिरायला लागला की बाबा श्वास धरायचा. घरी आल्यावर "आज किती वाजले" असं विचारावं तसं तो "आज किती गेलं" ते स्वतःलाच सांगायचा. एकदा आत्या बरोबर होती. आत्या म्हणजे त्याची थोरली बहीण. तिचं पडद्यांच्या कापडाचं दुकान आहे आणि जीभ कात्रीसारखी चालते. ती म्हणाली, "मास्तर, पोरगी बोलायला शिकतेय. तू काय मीटर वाचायला शिकतोयस का?"

"ताई, तुला हसायला काय जातंय? आठवड्यातून दोनदा शहर ओलांडायचं म्हणजे खाऊ आहे का?"

"मग तिसऱ्यांदा ओलांड. शिकेल लवकर."

विजेच्या गाडीचा विषय असा आला. बाबाने तो महिनाभर चालवला. जेवताना, आंघोळीच्या दारातून, गुंडीचे बूट घालताना. गाडी पेट्रोलवालीच्या दीडपट महाग, पण चालवायचा खर्च पाव. देखभाल जवळजवळ नाही. तेल नाही, क्लच नाही, धूर नाही.

"आणि ते दीडपट आणायचे कुठून?" आईने विचारलं.

"हप्त्याने."

"मग स्वस्त कशी?"

"आत्ता नाही. पण जितकी चालेल तितका फरक भरून निघतो. पंचेचाळीस हजार किलोमीटर झाले की गाडी वसूल! त्याच्यापुढे गुंडीचा वर्ग म्हणजे फुकटच समज."

आत्या चहा पीत होती. म्हणाली, "म्हणजे पैसे वाचवायला आधी धावायचं. दुकानात आम्ही याला सेल म्हणतो."

आईला पटलं, असं म्हणवत नाही. तिला पटवून घ्यायचं होतं. आपल्याला आकडे कळत नाहीत, आपण उगाच घाबरतो, असं ती स्वतःबद्दल नेहमीच धरून चालते. त्यामुळे जिथे खरंच घाबरायला हवं होतं, तिथे ती शहाण्यासारखी गप्प बसली. जुनी गाडी आत्यानेच घेतली, दुकानातले तागे वाहायला. मला काढताना माझ्याखाली बिस्किटांचा चुरा, एक मोजा आणि गुंडीच्या कानातल्या मशीनची हरवलेली बॅटरी निघाली. वर्षभराची तेवढीच कमाई.

नवी गाडी पांढरी होती आणि आत नव्या बुटांसारखा वास होता. एव्हाना गुंडी मोठी झाली होती, म्हणून मला पहिल्यांदा सरळ बसवलं. समोरचा रस्ता बघून मला गरगरलंच. बाबाने बटण दाबलं. गाडी सुरू झाली, असं त्याने सांगितलं म्हणून कळलं.

गुंडीने तळहात माझ्या कडेवर ठेवला. काही नाही. तिने दुसरा ठेवला. मग मान वाकवून माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच बंद पडलेय.

"बघ, किती शांत!" बाबा म्हणाला. "पैसे त्याचेच आहेत."

आईने माझ्या कडेवर बोटांनी टकटक करून पाहिलं. गुंडीने तिचं बोट धरलं आणि तोंडात घातलं. तो सूर त्या गाडीत कधी निघाला नाही. पण वर्गाला जाणं होत होतं, दर मंगळवारी, दर शुक्रवारी. बाई म्हणाल्या, हरकत नाही, दुसरा रस्ता काढू. आम्ही निघत होतो, पोचत होतो, तोवर सगळं ठीक होतं.

घोळ चार्जिंगचा झाला. बाबाने सगळा हिशोब घरच्या विजेच्या दराने मांडला होता. घर चौथ्या मजल्यावर, गाडी रस्त्याच्या कडेला जागा मिळेल तिथे. खाली आपला चार्जर बसवायची परवानगी मिळेल, हे त्याने गृहीत धरलं होतं, जसं गणितात 'समजा क्ष' म्हणतात तसं. क्ष मिळाला नाही. इमारतीच्या सचिवांनी सांगितलं, एकाला दिलं तर सगळे मागतील. मग बाजाराजवळच्या जलद चार्जरवर रांग लावायची, आणि तिथला दर घरच्या तिप्पट. विमाही जास्त निघाला. बॅटरीच्या वजनाने टायर लवकर झिजतात, हे टायरवाल्याने सांगितलं. प्रत्येक वेळी बाबा ओठ हलवायचा आणि मग नवा आकडा सांगायचा. पंचेचाळीसचे बावन्न झाले. बावन्नचे साठ.

"साठ हजार," तो म्हणाला. "फार नाही."

"आपण वर्षाला आठ-नऊ हजारच फिरतो रे," आई म्हणाली.

"तेच तर. आपण फिरत नाही. गाडी नुसती उभी आहे. उभी गाडी म्हणजे बुडती गाडी."

इथे कुठल्याही साध्या माणसाने कपाळाला हात लावून विषय सोडला असता. पेट्रोल वाचतंय तेवढं वाचतंय, म्हणाला असता. पण हा गणिताचा मास्तर. उदाहरण अर्धवट सोडणं त्याच्या रक्तात नाही. वर्गात एखाद्या मुलाचं उत्तर चुकलं तर तो मधल्या सुट्टीतही त्याला फळ्यापाशी उभा करतो म्हणे. त्याने शाळेनंतर पार्सलं पोचवायचं काम धरलं. पैशांसाठी नाही हं, पैसे काही फार मिळत नव्हते. किलोमीटरसाठी. लोक कामावर जायला गाडी घेतात. आमच्याकडे गाडीला कामावर पाठवायला माणूस लागला.

पार्सलांना मागची सीट हवी होती.

"फक्त संध्याकाळी काढीन हिला," तो म्हणाला. "सकाळी परत लावून ठेवीन."

आणि सुरुवातीला लावायचाही. माझा खालचा पट्टा किचकट आहे. गुडघा रोवून, अंगाचं वजन टाकून ओढावा लागतो. शाळेत जायच्या आधी, इस्त्रीचा शर्ट घालून तो माझ्यावर गुडघा टेकून घामाघूम व्हायचा. मला त्याची दया यायची. मग एका मंगळवारी शाळेला परीक्षेची सुट्टी होती आणि तो सकाळीच गाडी घेऊन गेला. आई प्रयोगशाळेतून अर्ध्या दिवसाची रजा काढून आली, गुंडीला कडेवर घेतलं, खाली गेली. तिथे दुसऱ्याच कुणाची तरी गाडी उभी होती. तिने फोन केला.

"अरेच्चा, आज मंगळवार का?" तो म्हणाला. "बसने जाशील आज? इथून परत यायचं म्हणजे रिकामी गाडी आणावी लागेल."

दोन बस बदलून त्या पोचल्या तेव्हा अर्धा वर्ग संपला होता. हे मला कसं ठाऊक? तेव्हा मी घरातच होते, दाराजवळ, चपलांच्या कपाटाशेजारी. आईने परत आल्यावर गुंडीचे बूट माझ्यावर बसून काढले आणि सगळं मोठ्याने म्हणाली, जणू मी साक्षीदार आहे.

त्यानंतर मी खाली गेलेच नाही, आणि बाबा शाळेतूनच थेट पार्सलांना जायला लागला, म्हणून गाडीही सकाळपासून त्याच्याबरोबरच. "रोज काढघाल करण्यात अर्धा तास जातो," बाबा म्हणाला, आणि ते खरंच होतं. त्याचं सगळं खरंच असायचं, तीच तर पंचाईत. माझ्यावर आधी छत्र्या ठेवल्या, मग इस्त्रीचे कपडे, मग त्याची पार्सलं, उद्या पोचवायची. लोकांच्या बुटांचे, मिक्सरचे, पुस्तकांचे खोके माझ्या पट्ट्यांवर बसू लागले. माझ्यात एवढ्या माणसांची सामानं बसली, पण मूल नाही.

मंगळवार-शुक्रवारची बस सुरू झाली. थंडीत, उन्हात, उभ्याने. बसच्या गोंगाटात गुंडीच्या कानातली मशीन शिट्टी मारायची, मग ती उपटून फेकायची, मग आई सगळ्यांच्या पायांत वाकून शोधायची. कधी बस चुकायची, कधी प्रयोगशाळेत कुणाची तरी कवळी तातडीची निघायची. आई म्हणायची, "थोडेच दिवस. आता निम्मं तर झालं." तिला तरी दुसरं काय म्हणता येणार होतं? तो काही जुगार खेळत नव्हता, दारू पीत नव्हता. घरासाठीच तर धावत होता. अशा माणसाशी भांडायला शब्द सापडत नाहीत.

आत्याला हे कळलं तेव्हा ती तरातरा चार मजले चढून आली.

"काय गं, बसने नेतेस हिला? मी काय मेलेय का?"

"नाही हो ताई, तुमचं दुकान..."

"दुपारी दुकानात माशा मारते मी. चल. ही खुर्ची कुठे लागते ते दाखव."

तिने खोके खाली ठेवले, मला काखेत मारलं आणि खाली नेलं. जुनी गाडी! तीच अडकलेली काच, तीच थरथर, आणि सीटवर पडद्यांच्या कापडाचा वास. गुंडीने हात ठेवला. मी थरथरले. थोडा वेळ काहीच झालं नाही, आणि मग तिच्या पोटातून तो सूर आला. अंऽऽऽ. इस्पितळाच्या वळणावर आत्याने गाडी दामटली, सूर चढला, तोंड उघडलं आणि तो "गाऽऽ" झाला. मग पुन्हा, "गाऽऽ, गाऽऽ."

"ऐकलंस का गं!" आत्या आरशात बघून ओरडली. आई रडत होती, त्यामुळे तिने ऐकलं की नाही, देव जाणे.

त्या दिवशी बाबा घरी आला तर तिघी दारातच उभ्या. आई सांगत सुटली, गुंडीने असं केलं, तसं केलं, बाई म्हणाल्या असंच रोज आणा. मला जुन्या गाडीतून आणून पुन्हा दाराशी ठेवलं होतं. बाबाचा चेहरा आधी खुलला. अगदी खुलला. मग त्याने विचारलं, "गेलात कशाने?"

"ताईंच्या गाडीने."

"म्हणजे पेट्रोलवर?" तो म्हणाला. "आपली विजेची गाडी दारात असताना आपली पोरगी पेट्रोलवर फिरणार? मग मी कशासाठी मरतोय?"

"दारात?" आत्या म्हणाली. "दारात कधी असते रे ती? मला दाखव एकदा."

"थोडे दिवस राहिलेत, ताई. एकदा वसूल झाली की..."

"तुझी गाडी वसूल होईल. पोरीचे दिवस कोण वसूल करणार?"

बाबाला लागलं ते. खूप लागलं. लागल्यावर माणूस जे करू नये तेच करतो. त्याने खिशातून पाकीट काढलं. "बरं, ने तू. पण दर खेपेचे पेट्रोलचे पैसे मी देणार. मी ते हिशोबात धरतो."

आत्या त्याच्या हातातल्या नोटेकडे बघत राहिली. "भाचीला कडेवर घ्यायचे किती देशील?" एवढंच म्हणाली. पायात चपला सरकवल्या आणि जिना उतरली. त्यानंतर ती आली नाही. आईने फोन केला, तर म्हणाली, त्याला म्हणावं तू स्वतः येऊन बोलाव. तो म्हणाला, जाईन, या आठवड्यात खेपा जास्त आहेत. दोघं एका आईची लेकरं. माघार कुणी घ्यायची, हे त्यांना घरात कुणी शिकवलंच नव्हतं.

पुन्हा बस. मग आईचा पाय मुरगळला, ते दोन आठवडे. मग गुंडीला ताप. मग प्रयोगशाळेच्या मालकाने सांगितलं, आठवड्यातून दोनदा अर्धी रजा जमणार नाही, एकदाच काय ते घ्या. मग बाईंचा फोन आला. आई माझ्यावर बसूनच बोलली. बाई चांगल्या होत्या, आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाल्या, की बाहेर खूप मुलं थांबलेली आहेत, आणि रिकामी राहणारी वेळ आता दुसऱ्याला द्यावी लागेल.

"पुन्हा कधी?" आईने विचारलं.

पलीकडून काय उत्तर आलं, ते मला ऐकू आलं नाही. आईने फोन ठेवला आणि माझा पट्टा उगाच घट्ट करत बसली. रिकाम्या खुर्चीचा.

जेवताना तिने बाबाला सांगितलं. तो दमून आला होता, पोळीचा तुकडा हातातच राहिला होता आणि डोळे मिटत होते. "हं," तो म्हणाला. मग जागा झाल्यासारखा हसला. "अगं, आता फक्त चार हजार उरले!"

आईने त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्या पानात भाजी वाढली. तेव्हा तिने ताट आपटायला हवं होतं, असं मला वाटतं. पण मी काय, बोलून चालून खुर्ची. बसवतील तिथे बसणारी. तीही तशीच.

आणि मग तो दिवस उगवला. बाबा जिन्यातूनच ओरडत आला. एका हातात केकचं खोकं, दुसऱ्या हातात फोन, फोनवर गाडीच्या काट्याचा फोटो. "झाली! वसूल झाली! आजपासून प्रत्येक किलोमीटर फुकट!" त्याने आईला मिठी मारली, गुंडीला उंच फेकून झेललं. शाळेची परीक्षा पहिल्या नंबराने पास झालेला मुलगा दिसतो ना, तसा दिसत होता. खरं सांगते, मलाही आनंद झाला. त्याने माझ्यावरचे खोके बाजूला केले, ओल्या फडक्याने मला पुसलं, माझ्या भेगांतली धूळ फुंकून काढली आणि खांद्यावर घेऊन खाली नेलं. गुडघा रोवला, पट्टा ओढला. इतका घट्ट आणि इतका मनापासून कुणीच कधी मला बसवलं नव्हतं.

"चल गुंडे, बस तुझ्या सिंहासनावर!"

गुंडी बसली. म्हणजे बसवली. तिचे गुडघे पुढच्या सीटला टेकले. खांद्याचे पट्टे तिच्या खांद्यांच्या खालून निघत होते. बाबाने ते सोडवले, सैल केले, आणखी सैल केले, माझ्यात जेवढे होते तेवढे सगळे. बक्कल तिच्या पोटावर आलं आणि बोटभर अंतरावर थांबलं. त्याने ओढलं. गुंडीने "आं!" केलं.

"ती चार वर्षांची झाली रे," आई म्हणाली.

"असू दे, असू दे. मोठी घेऊ तिला. उद्याच घेऊ, मस्तपैकी. आणि मंगळवारी मी स्वतः नेणार. रजा टाकतो. फुकटात!"

"कुठे नेणार?"

"कुठे म्हणजे? वर्गाला!"

"तिची जागा गेली."

"कधी? मला सांगायचं नाही का?"

"सांगितलं होतं," आई म्हणाली. "चार हजार उरले होते तेव्हा."

बाबा बक्कल हातात धरून तसाच वाकलेला राहिला. मागून एक गाडी भोंगा वाजवत होती, कारण आमचं दार रस्त्यात उघडं होतं. गुंडीला भोंगा ऐकू आला नाही. ती केकच्या खोक्याची दोरी सोडवत होती.

आता तो पार्सलं पोचवत नाही. बाईंकडे स्वतः जाऊन आला, हात जोडून आला. नाव यादीत आहे, पुढे बरीच मुलं आहेत. आत्याकडेही गेला. ती आली, गुंडीला मांडीवर घेऊन बसली, त्याच्याशी अजून तुटक बोलते. आई घरी गुंडीला शिकवते, ओठ दाखवून, आरशासमोर. शब्द येतात, पण एकेक शब्द दगडासारखा उचलून आणावा लागतो. बाई म्हणाल्या होत्या तो चढ हाच असावा. आणि दर मंगळवारी, दर शुक्रवारी बाबा गाडी पूर्ण चार्ज करून इमारतीसमोर उभी करतो. न जाणो, बाईंचा फोन आला तर. जाणाऱ्या-येणाऱ्याला तो आता गाडीचे फायदे सांगत नाही. गाडी मात्र त्याने म्हटलं होतं तितकीच स्वस्त आहे. हिशोब बरोबर आला. त्यात एक पोरगी धरायची राहिली होती, एवढंच.

तुम्हाला वाटेल मी पेट्रोलची वकिली करतेय. नाही हो. धूर मीही खाल्लाय, काच अडकलेल्या गाडीत उन्हाने मीही वितळलेय. विजेची गाडी वाईट नाही. ज्यांच्या दारात चार्जर आहे, ज्यांना रोज लांब जायचंच आहे, त्यांना ती खरोखर परवडते म्हणतात. मला त्यातलं काय कळतं? पण तुम्ही गाडी घ्यायला जाल तेव्हा विकणारा विचारेल, वर्षाला किती चालवता? हे तो विचारेलच. कुणाला घेऊन चालवता, हे तो विचारणार नाही. ते घरून ठरवून जा. आणि एकदा ठरवलंत की मग गाडी वसूल होवो, न होवो, त्या माणसाला आधी बसवा.

माझं म्हणाल तर माझी मुदत संपली. आमच्या जातीला मुदत असते, प्लॅस्टिक थकतं. असली खुर्ची नुसती टाकून देऊ नये, आधी तिचे पट्टे कापावेत, नाहीतर कुणी गरजू उचलून नेतं आणि आपलं बाळ तिच्या भरवशावर बसवतं. आईने हे कुठेतरी वाचलंय. ती असलं सगळं वाचते. म्हणून आत्ता ती मला मांडीशी धरून जमिनीवर बसली आहे, हातात आत्याची कापडाची कात्री. दोन पट्टे झाले. तिसरा जाड आहे, कात्री घसरतेय, पण ती थांबत नाही. कुणाच्या तरी अनोळखी लेकराची काळजी आहे तिला. करू दे. ती काळजी तरी वेळेवर होतेय.